एका रानात दोन पिके, तुमच्या रकान्यात एकच

प्रति,
पीक पाहणी, पीकविमा, हमीभाव खरेदी आणि बियाणे वाटप यांचे नियम ठरवणारे राज्याच्या कृषी, महसूल आणि पणन खात्यांतले मंत्री व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या पठारावरची कोरडवाहू शेतकरी. जमीन चार एकर, माझ्या नावावर. काही मुरमाड, काही मध्यम काळी. विहीर आहे, पण दिवाळीनंतर तिच्यात जनावरांपुरतेच पाणी राहते. निम्म्या रानात मी दर खरिपाला ज्वारी आणि तूर एकत्र पेरते, दोन ओळी ज्वारी आणि एक ओळ तूर. उरलेल्या निम्म्यात सोयाबीन असते, कारण कृषी सेवा केंद्राची उधारी फेडायला दिवाळीच्या आत रोख पैसा लागतो. म्हणजे मी सोयाबीनची दुष्मन नाही. ज्वारी-तुरीचे रान माझ्या घरची भाकरी, डाळ आणि जनावरांचा कडबा देते, म्हणून ते सोडलेले नाही.

लिहायला निमित्त दोन निर्णयांचे. खरीप 2025 पासून राज्याने एक रुपयातला पीकविमा बंद केला. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही; आपल्या हिश्शाचा हप्ता भरायला मी तयार आहे. पण त्याच वेळी भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे नमुन्याच्या रानातले पीक कापून मोजण्यातून, निघणाऱ्या महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नावर ठरेल, असा नियम झाला. दुसरा निर्णय केंद्राचा. ऑक्टोबर 2025 मध्ये डाळींच्या आत्मनिर्भरतेचे मिशन आले, सहा वर्षांसाठी 11,440 कोटी रुपयांचे. तूर, उडीद आणि मसूर वाढवायचे आणि त्यासाठी आंतरपिकाचाही आधार घ्यायचा, असे त्यात म्हटले आहे. वाचून बरे वाटले. मग माझ्या लक्षात आले की मी जे करते ते करा असे दिल्ली सांगते आहे, आणि जी करते तिला मोजायला गावापासून मुंबईपर्यंत कोणाकडे धड माप नाही.

मी काय पेरते ते आधी सांगते, कारण फायली पुढे सरकवणाऱ्या सगळ्यांनीच ते रान पाहिलेले असेल असे नाही. आमच्याकडे बैलाची तिफण होती तेव्हा मागे सरते (बी सोडायची नळी) बांधून तूर सोडायचे. आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात तुरीचा कप्पा वेगळा भरतात. पेर एकाच दिवशी होते. पहिले दोन महिने तूर जमिनीवर रेंगाळते. वरून बघाल तर सगळी ज्वारीच दिसते. तूर तिच्या सावलीत गुडघ्याएवढी उभी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ज्वारी काढली की तुरीला दोन्ही अंगांनी मोकळी जागा मिळते. ती फांद्या टाकते, फुलावर येते आणि खोल गेलेल्या मुळांनी खालची ओल ओढून पौषात शेंगा भरते. दोघींची भूक एका वेळी लागत नाही, सगळी गंमत तिथे आहे. खालची ओल ज्वारीच्या मुळांना पोचत नाही आणि ऑगस्टमधले ऊन तुरीला अजून पेलत नाही.

एक गैरसमज मात्र तुमच्याच प्रचारपत्रकांतून पसरतो. तूर हवेतला नत्र धरते म्हणून शेजारच्या ज्वारीला खत मिळते, असे लिहिलेले असते. त्याच हंगामात ज्वारीला त्यातले फारसे मिळत नाही. फायदा होतो तो पुढच्या पिकाला, तुरीचा पालापाचोळा रानात गळून कुजल्यावर. खरा लाभ जागेचा आणि वेळेचा आहे. हैदराबादजवळ पटणचेरूला 1972 साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या प्रयोगांत दोन ओळी ज्वारी आणि एक ओळ तूर अशा रानात ज्वारी निर्भेळ, म्हणजे एकट्याच पेरलेल्या, पिकाच्या 90 ते 95 टक्के आली आणि तूर 60 ते 70 टक्के. म्हणजे एका हेक्टरात दीड हेक्टरचे काम झाले. शिवाय ज्वारीच्या सोबतीने तुरीतला मर रोग कमी होतो आणि कणसांवर बसायला आलेले पक्षी अळ्या टिपतात. हे काही माझे शोध नाहीत. ज्वारी-तूर, बाजरी-तूर, बाजरी-मटकी यांची ओळींची प्रमाणे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत छापलेली आहेत. कोरडवाहू शेतीचे संशोधन या भागात 1923 साली मांजरीला आणि 1933 पासून सोलापूरला सुरू झाले, तेही शेतकरी आधी काय करतात ते बघतच.

आता तक्रारी.

पहिली पीक पाहणीची. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकाखालील क्षेत्राचा वेगळा भाग होता: मिश्रणाचा संकेत क्रमांक, घटक पिके, प्रत्येकाखालचे क्षेत्र. तलाठी भावकीच्या पारावर बसून तो कसाही भरायचा, ती गोष्ट वेगळी. पण रकाना करणाऱ्याला माहीत होते की एका रानात दोन पिके असतात. ऑगस्ट 2021 पासून राज्यभर मोबाइलवरची ई-पीक पाहणी आली आणि आपले पीक आपण नोंदवायची सोय झाली. चांगली सोय आहे. त्यात मिश्र पिकाचा पर्यायही आहे. तो निवडला की प्रत्येक पिकाचे क्षेत्र वेगळे टाकावे लागते आणि बेरीज रानाच्या क्षेत्राएवढी यावी लागते. म्हणून मी ज्वारीला दोन भाग देते आणि तुरीला एक. इथवर ठीक. पण पुढच्या प्रत्येक खात्याने तो एक भाग म्हणजे तुरीचे वेगळे वावर आहे असे धरले, आणि सगळा घोळ तिथून निघतो.

फोटोचे तर विचारूच नका. पाहणीच्या दिवसांत तूर ज्वारीच्या आड असते. फोटोत येते ती ज्वारी. मी ओळीत वाकून, हाताने ज्वारीची पाने बाजूला धरून तुरीचा फोटो काढते आणि दुसऱ्या हातात मोबाइल सांभाळते. ज्यांना हे जमत नाही त्या म्हाताऱ्या माणसांचे शेत पोरे एकाच पिकाचे म्हणून नोंदवून टाकतात.

दुसरी तक्रार खरेदीची आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. हमीभावाने तूर घेताना जिल्ह्याची हेक्टरी उत्पादकता ठरवतात आणि उताऱ्यावरच्या क्षेत्राने तिला गुणून प्रत्येकाची मर्यादा काढतात. बोगस माल येऊ नये म्हणून मर्यादा हवी, हे मला पटते. पण हिशेब करून बघा. समजा मर्यादा हेक्टरी नऊ क्विंटल आहे. हिशेबाला सोपे म्हणून ज्वारी-तुरीचे रान एक हेक्टर धरा; उताऱ्यावर तूर 33 आर, म्हणजे हेक्टरचा तिसरा भाग, दिसते. म्हणजे मला तीन क्विंटल घालता येईल. रानात मात्र तूर निर्भेळाच्या 60 ते 70 टक्के येते, म्हणजे सहा क्विंटलच्या आसपास. उरलेली तीन क्विंटल कुठे न्यायची? व्यापाऱ्याकडे. 2025 च्या सुरुवातीला तुरीचा हमीभाव 7,550 रुपये होता आणि बाजारात त्याखाली विकली जात होती. आमच्या भागातल्या एका खरेदी केंद्रावर मला सांगण्यात आले, ‘ताई, तुमच्या उताऱ्यावर तूर एवढीच आहे, बाकीची कोणाची आणली?’ माझ्या स्वतःच्या पोत्यांबद्दल मला हा प्रश्न विचारला गेला. तो माणूस उद्धट नव्हता. त्याच्यापुढच्या पडद्यावर जो आकडा होता तोच त्याने वाचला.

यावर गावाने काढलेला तोडगा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. लोक अख्खे रान तूर म्हणून नोंदवतात. मर्यादा वाढते, पोती जातात, कोणी विचारत नाही. पण त्यामुळे ज्वारी कागदावरून उडते. मग वर्षाअखेरीस खरिपाची ज्वारी संपत चालली असा अहवाल तयार होतो, त्यावर तिचे बियाणे आणि तिच्या योजना आणखी कमी होतात. ज्वारी खरोखरच कमी झाली आहे, त्यात शंका नाही. पण जी आहे तीही तुमच्या मापाने दिसेनाशी केली. आणि खरे लिहिणारीला तीन क्विंटलचा दंड बसतो.

तिसरी तक्रार विम्याची. आमच्या राज्यात विमा महसूल मंडळ हे एकक धरून, अधिसूचित पिकापुरता मिळतो. मंडळात एखाद्या पिकाचा पेरा कमी झाला की ते यादीतून गळते. तूर आणि ज्वारी दोन्ही यादीत असतील तर दोन वेगळे अर्ज, दोन तुकड्यांचे क्षेत्र. भरपाईसाठी तुरीचे कापणी प्रयोग जिथे होतात ती बहुतेक निर्भेळ किंवा सोयाबीनमधली तूर असते. ज्वारीतल्या तुरीचे दुःखही वेगळे आणि सुखही वेगळे. सप्टेंबरात पाऊस ताणला तर निर्भेळ तूर एका तऱ्हेने मार खाते, ज्वारीखालची दुसऱ्या तऱ्हेने. प्रयोगाला आलेल्या माणसाला मी विचारले, मिश्र रान निघाले तर काय करता? तो म्हणाला, ‘शेजारचे एकट्या पिकाचे बघून घेतो, हिशेब सोपा पडतो.’ भरपाईचा सगळा भार आता याच प्रयोगावर आहे. मग हा सोपा हिशेब कोणाच्या सोयीचा?

खरे तर विम्याचा विचार करणाऱ्याने आमचे रान शोधत यायला हवे होते. इक्रिसॅटचे शास्त्रज्ञ एम. आर. राव आणि आर. डब्ल्यू. विली यांनी 1980 साली ज्वारी-तुरीच्या 94 प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. उत्पन्नाची एक किमान पातळी धरली आणि तिच्याखाली किती वर्षांतून एकदा जावे लागते ते काढले. निर्भेळ तूर पाच वर्षांतून एकदा बुडाली, निर्भेळ ज्वारी आठ वर्षांतून एकदा आणि दोन्ही एकत्र पेरली तर 36 वर्षांतून एकदा. हा आकडा इथल्याच पिकांवर काढलेला आहे. मोटारीचा विमा काढताना अपघात न करणाऱ्याला हप्त्यात सूट देतात म्हणे. मी 36 मधून एकदा बुडणारे रान करते तरी हप्ता पाचातून एकदा बुडणाऱ्याएवढाच भरते आणि माझे माप त्याच्या रानात घेतले जाते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. आंतरपीक म्हणजे सगळ्या संकटांवर उतारा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात नदीकाठची मातीच वाहून गेली, तिथे एक पीक काय आणि दोन काय. तुरीच्या मुळाशी पाणी साचले की ती पिवळी पडून जाते, मग शेजारी ज्वारी असो वा नसो. दोन पिके तारतात ती पावसाच्या खंडात आणि भावाच्या चढउतारात. पण कोरडवाहू माणसाच्या आयुष्यात बहुतेक वर्षे तशीच असतात.

चौथी तक्रार मदतीची. खरीप 2023 मध्ये कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले म्हणून राज्याने त्या दोन पिकांना हेक्टरी 5,000 रुपये दिले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आधार ई-पीक पाहणीचा. सोयाबीनपुरते मलाही मिळाले, घेतले, कामाला आले. भाव पडला तो त्या पिकांचा, हेही कबूल. पण त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. माझ्या सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या. ज्वारीने माना टाकल्या, सप्टेंबरच्या पावसावर सावरली आणि तुरीने उरलेले भरून काढले. ज्या रानाने मला हात पसरू दिला नाही त्याच्या वाट्याला कोणत्याच योजनेतले काही आले नाही. गावातली तरणी पोरे याचा एकच अर्थ काढतात: सरकार ज्या पिकाला पैसे देते तेच पेरायचे. त्यांना मी काय सांगू?

पाचवी बियाणे आणि तणनाशकाची. ही थोडी लांबेल, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. सोयाबीन राज्यात 50 लाख हेक्टरच्या आसपास पोचले त्यामागे भाव आहे तसाच तणनाशकाचाही हात आहे. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर फवारले की गवत जळते आणि बाई लावून खुरपायची गरज उरत नाही. पण ज्वारीही गवताच्याच जातीची. सोयाबीनच्या रानात चार ओळी ज्वारी असेल तर ती पहिली जळते. उलट ज्वारीत अ‍ॅट्राझीन मारावे तर तूर करपते. म्हणजे दुकानातले औषध मुळातच एका पिकासाठी केलेले, आणि दोन पिकांचे रान कोळप्यावर आणि खुरप्यावर राहिलेले. खुरपणीची मजुरी माझ्या ज्वारीच्या भावाला परवडत नाही. ज्वारी-तुरीत चालेल असे काय, कधी आणि किती मारायचे, याचे साध्या भाषेतले एक पान मला आजवर कोणत्याही कार्यालयातून मिळाले नाही. ओळीत नीट चालेल असे कोळपे छोट्या ट्रॅक्टरला बसवून द्या म्हटले तर अनुदानाच्या यादीत दुसरीच अवजारे असतात.

प्रात्यक्षिकाच्या पिशव्या आमच्या गावात आल्या त्या सोयाबीन-तुरीच्या. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. वाईट नाही. पण दोन्ही शेंगवर्गीय, दोघींनाही बाहेरून नत्र कमीच लागतो, आणि सोयाबीनमधून भाकरी निघत नाही की कडबा निघत नाही. गुळी (शेंगांचा भुसा) मिळते, तिच्यावर बैल उभा राहत नाही. तृणधान्य आणि डाळ ही जोडी मोडून डाळ आणि तेलबियांची जोडी बसवली, आणि तिलाच आंतरपीक म्हणून मोजले.

खरिपाची ज्वारी मागे पडली त्याचा सगळा दोष मी तुमच्यावर टाकणार नाही. कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. रेशनवर गहू-तांदूळ आला, पोरांना पोळी आवडू लागली. कापणी, खुडणी, मळणी, कडबा बांधणे, हे सगळे बायकांच्या पाठीवर. सोयाबीन मळणी यंत्रात जाते आणि आठवड्यात विषय संपतो. रानडुकरे तर कोणतेच पीक सोडत नाहीत. पण काळ्या दाण्यावर उपाय आहे. परभणी विद्यापीठाने परभणी श्वेता हा वाण त्या बुरशीला दाद न देणारा म्हणून दिला. तुरीचा बीडीएन-711 बदनापूरच्या केंद्राने दिला, तो साधारण पाच महिन्यांत निघतो आणि हलक्या रानाला बरा पडतो. मे महिन्यात दुकानात परभणी श्वेता मागून बघा. ‘ते बी कोणी नेत नाही म्हणून ठेवत नाही’ असे ऐकायला मिळते. ठेवत नाहीत म्हणून कोणी नेत नाही, हे त्यांना कोण सांगणार.

आता थोडे दूरचे. तुरीची आयात केंद्राने मे 2021 मध्ये खुली केली आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. मोझांबिकशी डाळींचा करार 2016 मध्ये झाला, मलावीशी 2021 मध्ये. त्या देशांतली तूर कशी पिकते ते कोणी पाहिले आहे का? मोझांबिक, मलावी, टांझानियातले छोटे शेतकरी ती बहुतांशी मक्याच्या ओळींत पेरतात. मका काढला की तूर वाढते, आमच्यासारखीच. म्हणजे तृणधान्यात घेतलेली तूर बंदरात उतरते तेव्हा तिला मान, आणि बालाघाटावरून येते तेव्हा ती कोणाची, असा प्रश्न.

पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या सवानात, नायजरमध्ये आणि उत्तर नायजेरियात, बाजरी-ज्वारीत चवळी घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी ही रीत मोडा असे सांगितले नाही. दोन ओळी धान्य आणि चार ओळी चवळी असे पट्टे पाडून दाखवले, म्हणजे चवळीला ऊन मिळते आणि फवारणीही करता येते. शेतकऱ्याच्या इरवडीला, म्हणजे मिश्र पिकाच्या रीतीला, हात धरून पुढे नेले. आपल्याकडे तर विद्यापीठे आहेत, इक्रिसॅट दाराशी आहे. त्यांच्या माणसांनी 1975 पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कलमणमध्ये, अकोला जिल्ह्यातल्या कानझरा आणि किनखेड्यात घरोघरी बसून शेतीचा जमाखर्च लिहून घेतला. माहितीचा दुष्काळ कधीच नव्हता.

मागण्या सांगते. नवी योजना मागत नाही, पैशाची घोषणाही नको.

ई-पीक पाहणीत ‘ज्वारी + तूर’, ‘बाजरी + तूर’, ‘बाजरी + मटकी’ या जोड्या ओळींच्या प्रमाणासह एकच नोंद म्हणून घ्या. शेतकऱ्याला 2:1 की 4:2 एवढेच विचारा, आरांचा हिशेब यंत्राने करावा. फोटो दोन मागा, एक दुरून आणि एक ओळीतला, आणि शक्य असेल तर तुरीचा फोटो ज्वारी काढल्यावर टाकायची मुभा द्या.

खरेदीची मर्यादा काढताना मिश्र रानातल्या तुरीला नुसत्या क्षेत्राच्या भागाने गुणू नका. विद्यापीठांकडे प्रत्येक प्रमाणाचे उत्पन्नाचे आकडे आहेत. ते मागवा, जिल्ह्याच्या उत्पादकतेशेजारी मिश्र पिकाची उत्पादकता जाहीर करा. हे एका परिपत्रकाचे काम आहे. संकरित ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव 3,699 रुपये होता. ज्या केंद्रावर तूर घेता तिथेच, डाळीच्या मागोमाग का होईना, खरिपाची ज्वारीही घ्या. मी आजवर ती व्यापाऱ्यालाच घातली आहे.

विम्यात मिश्र पीक हे स्वतंत्र अधिसूचित पीक माना. कापणी प्रयोगांत ज्या मंडळात मिश्र पेरा आहे तिथे काही प्रयोग मिश्र रानातच झाले पाहिजेत, आणि दोन्ही पिकांचे मिळून येणारे उत्पन्न रुपयांत धरून भरपाईचा उंबरठा (ज्याच्याखाली गेले की भरपाई मिळते ती पातळी) ठरवा. एका पिकाचा घाटा दुसऱ्याने भरून निघाला तर मला भरपाई नको, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण दोन्ही गेली तर मला दोन तुकड्यांत वाटू नका. आणि जोखीम कमी असेल तर हप्ताही कमी असावा, हे विमा कंपन्यांना तुम्हीच सांगू शकता.

डाळ मिशनचा राज्याचा आराखडा करताना आंतरपिकाच्या उद्दिष्टातला ठरावीक हिस्सा तृणधान्याबरोबरच्या तुरीसाठी राखून ठेवा आणि तो किती हे गावोगाव कळवा. प्रात्यक्षिकाच्या पिशवीत ज्वारी आणि तूर एकत्र द्या, काळ्या न पडणाऱ्या वाणाची आणि लवकर येणाऱ्या वाणाची. मिश्र रानात चालणाऱ्या तणनियंत्रणावर विद्यापीठांना काम द्या आणि उत्तर ‘चालत नाही’ असे निघाले तर तेही छापा. अवजारांच्या अनुदानात दोन कप्प्यांचे पेरणी यंत्र आणि ओळीतले कोळपे घाला.

आणखी एक. पीक पाहणी, विमा आणि खरेदी ही तीन खाती तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. नियम बदलताना तिघांनी एकदा एका टेबलाशी बसावे आणि शक्यतो शेतकऱ्याच्या बाजूने एखादी बाई बोलवावी. मिश्र रानातली तूर कोण तोडते, कोण बडवते आणि बियाला कोणती राखून ठेवायची हे घरात कोण ठरवते, हे तुम्हाला माहीत आहे.

खरिपाचे बी मे महिन्यात घ्यावे लागते आणि पाहणी ऑगस्टमध्ये सुरू होते. खरेदीच्या परिपत्रकाला आणि पाहणीतल्या बदलाला तोवरचा वेळ पुरेसा आहे. विम्याला एक हंगाम जास्त लागला तरी चालेल, पण तसे आधी सांगा. या पत्राला लेखी उत्तर मिळावे. मिळाले तर ते जसेच्या तसे गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवीन, आणि त्याच सभेत यंदा किती रान ज्वारी-तुरीचे करायचे ते आम्ही ठरवू.

कळावे,
आपली,
बालाघाटावरची एक कोरडवाहू शेतकरी